बॉबस्लेडचा हंगाम आणि मोठ्या स्पर्धा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूर जिल्ह्यात शाळेत खेळ शिकवतो. म्हणजे कबड्डी, खो-खो आणि पावसाळ्यात कॅरम. एका हिवाळ्यात बर्फाच्या नळीतून सुसाट सुटलेल्या गाडीचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. स्पर्धा परीक्षेची पोरं विचारतात, त्यांचे काका विचारतात, रात्री मोटार चालू करायला शेतात गेलेले मित्र तिथूनच मेसेज करतात. तेच ते प्रश्न इथं एकदाच उत्तरांसह लिहून ठेवतो. पेपरात कुणी ‘बॉबस्ले’ लिहितं, कुणी ‘बॉबस्लेड’. खेळ एकच.

१. सर, बॉबस्लेडचं सीझन नेमकं कधी असतंय?

दिवाळी आटोपली की सुरू होतं आणि महाशिवरात्रीच्या आगेमागे संपतं. इंग्रजी महिन्यांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि काही वर्षी मार्चचा पहिला पंधरवडाही. मी पोरांना सांगतो, हे रब्बीचं पीक समजा. आपल्याकडे हरभरा पेरायची घाई असते त्या ऑक्टोबरात तिकडचे काही ट्रॅक सरावासाठी उघडतात. घाटे धरेपर्यंत वर्ल्ड कपच्या निम्म्या स्पर्धा झालेल्या असतात आणि काढणीच्या सुमाराला मोठं अजिंक्यपद किंवा ऑलिंपिक येतं. मधे नाताळाला थोडी उसंत मिळते. कधी कधी नेमकी तेव्हाच आपली वेळ अमावस्या येते, त्यामुळे भज्जी-आंबिल सोडून मोबाइलकडं बघावं लागत नाही.

पेरणीसारखंच इथंही तारीख दरवर्षी तीच राहत नाही. २०२४-२५ चा वर्ल्ड कप डिसेंबरात जर्मनीतल्या आल्टेनबर्गला सुरू झाला आणि जागतिक अजिंक्यपद थेट मार्चमध्ये झालं. पुढचं वर्ष ऑलिंपिकचं होतं, म्हणून २०२५-२६ चा हंगाम नोव्हेंबरातच इटलीतल्या कोर्टिनाला उघडला. असं का होतं ते प्रश्न ५ मध्ये आहे.

२. गाडीत किती जण बसतात? प्रकार किती?

ऑलिंपिकला चार प्रकार आहेत : पुरुषांची दोघांची गाडी, पुरुषांची चौघांची, महिलांची दोघींची आणि महिलांची एकटीची, म्हणजे मोनोबॉब. मोनोबॉबला सगळ्यांच्या गाड्या एकाच साच्यातल्या असतात, त्यामुळं ‘त्यांची गाडी भारी होती’ हे कारण चालत नाही. चौघांची गाडी माणसांसकट ६३० किलोपर्यंत भरते. पुढं बसतो तो पायलट आणि शेवटचा ब्रेकमन.

३. आता बर्फ मशीननं होतो ना? मग बारा महिने का खेळत नाहीत?

हा प्रश्न विचारणाऱ्यानं लातूरचा बर्फाचा कारखाना बघितलेला असतो आणि त्याची शंका रास्त आहे. बहुतेक ट्रॅक सिमेंट-काँक्रीटचे असतात. पोटात नळ्या असतात, त्यांतून थंडावा देणारं द्रव्य, बऱ्याच ठिकाणी अमोनिया, फिरतं. वरून माणसं हातात पाइप घेऊन पाण्याचा फवारा मारतात. एक पातळ थर गोठला की दुसरा, त्यावर तिसरा. असा काही सेंटिमीटरांचा बर्फ तयार होतो आणि मग त्याला हत्यारांनी तासून घासून आकार देतात. जगातला असा पहिला कृत्रिम ट्रॅक जर्मनीत क्योनिग्जसे इथं १९६० च्या दशकाच्या शेवटी झाला.

पण कारखान्यातली लादी बंद खोलीत असते. हा ट्रॅक दीड किलोमीटरच्या आसपास लांब, डोंगराच्या अंगावर उघडा पडलेला. बाहेर पंधरा-वीस अंश तापमान आणि वर ऊन असेल तर नळ्यांनी कितीही जोर लावला तरी वरचा पदर ओला होतो आणि विजेचं बिल छाती दडपवणारं येतं. बर्फ मऊ झाला की गाडीचे लोखंडी धावपट्टे त्यात रुततात, चर पडतात आणि नंतर येणाऱ्याला खराब वाट मिळते. पहिल्याला एक रस्ता आणि विसाव्याला दुसरा, मग शर्यत कसली? म्हणून यंत्र असूनही हंगाम थंडीतच ठेवावा लागतो. थंडी फुकट मिळते तेव्हा यंत्रानं फक्त तिची उणीव भरून काढायची असते.

४. वर्ल्ड कप आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप एकच ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो आणि तो क्रिकेटमुळं होतो. क्रिकेटचा वर्ल्ड कप म्हणजे चार वर्षांनी येणारी, एकदाच होणारी सर्वोच्च स्पर्धा. बॉबस्लेडमध्ये वर्ल्ड कप ही हंगामभर चालणारी मालिका आहे. आज आल्टेनबर्ग, पुढच्या आठवड्यात विंटरबर्ग, मग सेंट मॉरिट्झ, असे सात-आठ मुक्काम. प्रत्येक मुक्कामाला गुण मिळतात : पहिल्याला २२५, दुसऱ्याला २१०, तिसऱ्याला २००, आणि तसं खाली. हंगामाच्या शेवटी ज्याची बेरीज जास्त त्याला करंडक. एखादा मुक्काम न जिंकताही, दरवेळी दुसरा-तिसरा येत, माणूस वर्ल्ड कप घेऊन जाऊ शकतो.

वर्ल्ड चॅम्पियनशिप, म्हणजे जागतिक अजिंक्यपद, ही एकाच ठिकाणी होणारी स्वतंत्र स्पर्धा. तिथं मागचे गुण कामाला येत नाहीत. पहिली १९३० साली झाली, महिलांसाठी २००० पासून. अलीकडची ठिकाणं : २०२३ सेंट मॉरिट्झ, २०२४ विंटरबर्ग, २०२५ अमेरिकेतलं लेक प्लॅसिड.

पेपरात ‘विश्वचषक जिंकला’ असं वाचलं तर बातमीत ठिकाण शोधा. अनेकदा तो वर्ल्ड कपमधला एखादा मुक्काम जिंकलेला असतो, एवढंच. दोन्ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय बॉबस्ले आणि स्केलेटन महासंघाच्या, म्हणजे आयबीएसएफच्या. ही संघटना १९२३ ची.

५. ऑलिंपिकच्या वर्षी काय बदलतं?

पुष्कळ. हिवाळी ऑलिंपिक फेब्रुवारीत असतं. २०२६ चं मिलान-कोर्टिना ऑलिंपिक ६ ते २२ फेब्रुवारीचं होतं. त्यामुळं वर्ल्ड कपची मालिका लवकर सुरू करून जानेवारीत गुंडाळतात. कोणत्या देशाला किती गाड्या आणता येतील हेही जानेवारीतल्या क्रमवारीवरून ठरतं. म्हणजे एरवी डिसेंबरात आरामात खेळणारे संघ त्या वर्षी नोव्हेंबरपासूनच दातओठ खात असतात.

आणि त्या वर्षी जागतिक अजिंक्यपद होत नाही. ऑलिंपिकचं पदक हेच त्या वर्षीचं शिखर. जर्मनीच्या फ्रांसेस्को फ्रीडरिशनं दोघांच्या गाडीचं जागतिक अजिंक्यपद सलग सात वेळा जिंकलं : २०१३, २०१५, २०१६, २०१७, २०१९, २०२०, २०२१. एका मुलानं मला लिहिलं, ‘सर, सलग कुठंय? २०१४ आणि २०१८ तर हरला.’ हरला नाही बाबा, त्या वर्षी स्पर्धाच नव्हती. सोची आणि प्योंगचांगचं ऑलिंपिक होतं. २०१८ मध्ये तर त्यानं दोन्ही सुवर्णपदकं घेतली आणि २०२२ ला बीजिंगमध्ये पुन्हा दोन्ही.

६. या नियमाला अपवाद आहे का? परीक्षेत विचारलं तर?

एक मासलेवाईक अपवाद आहे : १९६०. त्या वर्षीचं ऑलिंपिक अमेरिकेत स्क्वॉ व्हॅलीला होतं. मोजकेच देश येणार, मग एवढा खर्च कशाला, म्हणून आयोजकांनी ट्रॅकच बांधला नाही. १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून बॉबस्लेड वगळलं गेलं ते एवढं एकदाच. मग ऑलिंपिकचं वर्ष असूनही जागतिक अजिंक्यपद भरलं, कोर्टिनाला. तिथं घरच्या मैदानावर दोन्ही प्रकार जिंकणारा एउजेनिओ मोंटी. १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश जोडीच्या गाडीचा बोल्ट तुटला, तर यानं स्वतःच्या गाडीचा काढून दिला आणि ते ब्रिटिश सुवर्णपदक घेऊन गेले. आपल्याकडं शेजाऱ्याचा पाना परत मिळत नाही, तिथं हा माणूस बोल्ट काढून देतो! कोर्टिनाच्या ट्रॅकला त्याचंच नाव आहे.

७. ऑलिंपिकमध्ये कोणता प्रकार कधी आला?

चौघांची गाडी १९२४ पासून (१९२८ ला पाच जण बसले होते). दोघांची १९३२ पासून, महिलांची दोघींची २००२ पासून, मोनोबॉब २०२२ पासून. पुढचं ऑलिंपिक २०३० चं, फ्रान्सच्या आल्प्समध्ये, आणि बॉबस्लेड ला प्लान्यला. १९९२ च्या आल्बर्टव्हिल ऑलिंपिकचा ट्रॅक तोच. चौघांच्या गाडीचा निकाल बहुधा समारोपाच्या दिवशीच लागतो, त्यामुळं शेवटचा रविवार मोकळा ठेवा.

८. ‘२०२५-२६’ असं जोडवर्ष का लिहितात? पेपरात कोणतं लिहू?

हंगाम एका वर्षात उगवतो आणि दुसऱ्या वर्षात कापणीला येतो, म्हणून. आपल्या साखर कारखान्यांचा गाळप हंगाम लिहितात तसंच. वर्ल्ड कपला जोडवर्ष लिहा. जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिंपिक नेहमी नव्या वर्षाच्या बाजूला पडतात, त्यांना एकच साल.

९. आपल्याकडे किती वाजता बघायचं?

युरोपातली स्पर्धा असेल तर सोपं आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली, फ्रान्स, नॉर्वे हे सगळे हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागं. तिथं सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच. शाळा सुटली की दुसरी फेरी सापडते. लाटव्हियातलं सिगुल्डा साडेतीन तास मागं. पूर्वेकडं उलटं होतं : प्योंगचांग आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं आणि चीन अडीच तास पुढं. तिकडची रात्रीची स्पर्धा आपल्याकडे संध्याकाळच्या चहाला.

खरी कसोटी उत्तर अमेरिकेत. लेक प्लॅसिड साडेदहा तास मागं, पार्क सिटी साडेबारा, कॅनडातलं व्हिस्लर साडेतेरा. लेक प्लॅसिडला दुपारी चारला फेरी सुरू झाली तर इथं रात्रीचे अडीच. माझे दोन-तीन मित्र हे आनंदानं बघतात, कारण ज्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची असते त्या आठवड्यात ते गव्हाला पाणी द्यायला तसेही जागे असतात. बांधावर बसून आयबीएसएफच्या यूट्यूब वाहिनीवर बॉबस्लेड बघणारी माणसं जगात फार नसतील.

एक चकवा लक्षात ठेवा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात. २०२५ चं लेक प्लॅसिडचं अजिंक्यपद ६ ते १५ मार्चला होतं आणि तो रविवार ९ मार्चला, अगदी मधोमध आला. पहिले दिवस साडेदहा तासांचा फरक, नंतर साडेनऊ. मी जुन्याच हिशोबानं बसलो आणि फोन उघडला तेव्हा पहिली फेरी संपत आली होती. युरोपात ही अडचण नाही, कारण तिथलं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं, तोवर हंगाम उरकलेला असतो.

१०. एक स्पर्धा किती दिवस चालते?

वर्ल्ड कपला एका प्रकाराच्या दोन फेऱ्या, एकाच दिवशी. जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिंपिकला चार फेऱ्या, दोन दिवसांत. सगळ्या फेऱ्यांच्या वेळेची बेरीज करतात, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. त्याआधी काही दिवस सराव असतो, म्हणून वेळापत्रकात आठवडा लिहिलेला दिसतो आणि खरी शर्यत शुक्रवार ते रविवार.

बेरीज तंतोतंत जुळली तर? पदक दोघांनाही. दोघांच्या गाडीत १९९८ ला नागानोमध्ये कॅनडा आणि इटलीनं सुवर्णपदक वाटून घेतलं, २०१८ ला कॅनडा आणि जर्मनीनं. चार फेऱ्यांची तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळाची बेरीज आणि फरक शून्य.

११. सेंट मॉरिट्झचं एवढं कौतुक का? तिथं लवकर का संपतंय?

कारण तिथं यंत्र नाही. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झ ते सेलेरिना हा १७२२ मीटरचा ट्रॅक दर हिवाळ्यात बर्फ आणि पाण्यानं नव्यानं घडवतात आणि वसंतात तो वितळून जातो. १९०४ पासून हेच चालू आहे. जत्रेचा मंडप दरवर्षी उभा करायचा आणि उतरवायचा, तसं. फक्त इथं मंडप स्वतःच उतरतो. म्हणून तिथली स्पर्धा नोव्हेंबरात कधी सापडणार नाही. ती डिसेंबरानंतर, बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत. खेळाचा जन्मही याच गावातला : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिवाळी सुट्टीला आलेल्या इंग्रज पाहुण्यांनी स्लेजला सुकाणू लावून रस्त्यावरून घसरायला सुरुवात केली.

१२. पाऊस आला, ऊन पडलं, तर?

थोडंफार असेल तर ट्रॅकवर पडदे ओढतात, फेरी पुढं ढकलतात. फारच झालं तर फेऱ्या कमी करतात. १९२८ च्या सेंट मॉरिट्झ ऑलिंपिकमध्ये बर्फ वितळू लागला, तेव्हा दोनच फेऱ्यांवर निकाल लावला. पहिला आला अमेरिकेचा बिली फिस्क, वय १६. नागानोला १९९८ मध्ये पावसानं चौघांच्या गाडीची एक फेरी खाल्ली आणि तीनच मोजल्या. १९६७ ला फ्रान्समधल्या आल्प द’ह्यूएझला उष्म्यामुळं चौघांचं जागतिक अजिंक्यपद रद्दच करावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये, कोर्टिनाला चौघांची स्पर्धा रद्द झाली ती मात्र हवामानामुळं नाही. अपघातात एका जर्मन खेळाडूचा जीव गेला होता.

१३. जाहीर झालेलं ठिकाण बदलू शकतं का?

बदलतं, आणि आपण नोट्स काढून बसलेलो असतो. २०१७ चं अजिंक्यपद रशियात सोचीला ठरलं होतं. उत्तेजक द्रव्यांचं प्रकरण उघडकीला आल्यावर ते क्योनिग्जसेला हलवलं. २०२१ चं लेक प्लॅसिडला होतं, कोरोनामुळं आल्टेनबर्गला गेलं. आल्टेनबर्गला २०२० चंही झालं होतं, त्यामुळं यादीत एकच नाव लागोपाठ दोनदा दिसतं. ती छपाईची चूक नाही. लेक प्लॅसिडला पाळी मिळाली ती २०२५ ला. आणि क्योनिग्जसेचा तो पहिला कृत्रिम ट्रॅक जुलै २०२१ च्या महापुरात फुटला. कॅनडातल्या कॅलगरीचा १९८८ चा ऑलिंपिक ट्रॅक २०१९ ला बंद झाला. जगात वापरातले ट्रॅक वीससुद्धा नाहीत, म्हणून एक गळला की सगळं वेळापत्रक हलतं.

१४. युरोपियन चॅम्पियनशिपची तारीख वेगळी सापडत नाही. कुठंय ती?

ती वर्ल्ड कपच्या पोटात असते. एका ठरलेल्या मुक्कामाच्या निकालातून युरोपबाहेरची नावं गाळायची आणि उरलेल्यांतला पहिला तो युरोपचा विजेता. एकाच फेरीचे दोन निकाल, एका तव्यावर दोन भाकरी. त्यामुळं वर्ल्ड कपमध्ये तिसरा आलेला माणूस गळ्यात युरोपचं सुवर्णपदक घालून उभा दिसला तर गडबडून जाऊ नका.

१५. पोरापोरींसाठी वेगळ्या स्पर्धा?

ज्युनियर जागतिक अजिंक्यपद असतं, याच हिवाळ्यात. वर्ल्ड कपच्या खालच्या पायरीवर युरोप कप आणि नॉर्थ अमेरिकन कप या मालिका चालतात. नवे पायलट तिथूनच वर येतात. शिवाय युवा हिवाळी ऑलिंपिक. २०२४ चं दक्षिण कोरियात गँगवॉनला जानेवारीत सुरू झालं. तिथं मोनोबॉबमध्ये ट्युनिशियाच्या मुलानं आणि थायलंडच्या मुलीनं रौप्य जिंकलं. ‘आपल्याकडं बर्फच नाही’ हे मला आता कुणी ऐकवायचं नाही.

१६. मग भारताचा संघ कधी दिसणार? शिवा केशवन होता ना?

शिवा केशवन १९९८ ते २०१८ सलग सहा हिवाळी ऑलिंपिक खेळले, पण ल्यूजमध्ये. ल्यूजला पाठीवर झोपून, पाय पुढं करून जातात, त्याचा महासंघ वेगळा आणि वर्ल्ड कपचं वेळापत्रकही वेगळं. स्केलेटनला पोटावर, डोकं पुढं. ते बॉबस्लेडच्याच महासंघात आहे आणि दोघांचे वर्ल्ड कप बहुधा एकाच गावात, एकाच आठवड्यात होतात. भारतात बॉबस्लेडचा ट्रॅक नाही. जमैकातही नव्हता आणि तरी ते १९८८ ला कॅलगरीला उतरले. नायजेरियाच्या मुली २०१८ ला प्योंगचांगला.

१७. बर्फ नसलेले सहा महिने हे लोक करतात काय?

पळतात आणि वजनं उचलतात. सुरुवातीचे सुमारे ५० मीटर गाडी ढकलत पळायचं आणि उडी मारून आत बसायचं. तिथं गमावलेला सेकंदाचा दहावा हिस्सा खाली येईपर्यंत वाढत जातो. उन्हाळ्यात रुळांवर चाकांची गाडी ढकलून हाच सराव करतात, त्याच्या स्पर्धाही होतात. म्हणून ऑगस्टमध्ये ‘बॉबस्लेड स्पर्धा’ अशी बातमी आली तर ती बहुतेक ढकलण्याची असते. आमच्या शाळेत एका मुलानं हे वाचून बैलगाडी ढकलून बघितली. वेळ मी घेतली नाही, कारण गाडी मागं आली.

१८. जूनमध्ये दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. मग तिकडं का खेळत नाहीत?

खेळायला तिकडं ट्रॅकच नाही. प्रश्न १३ मधले सगळे वापरातले ट्रॅक उत्तर गोलार्धात आहेत. ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलचे खेळाडू आपला हिवाळा संपला की विमानात बसतात आणि दुसऱ्याच्या हिवाळ्यात जाऊन उतरतात. मग जूनमध्ये पोरांना काय दाखवायचं? मी मागच्या हंगामाचे व्हिडिओ दाखवतो, मृगाचा पाऊस येईपर्यंत.